एक गोळी, दोन ठिपके: ऑप्टिक-लेझर जोडसाइट कशी निवडावी आणि झिरो कशी करावी

रेंजवर नव्याने येणाऱ्यांच्या रायफलीवर आता पुष्कळदा अशी साइट दिसते, जिच्यात काचेतून पाहायचा ठिपका (म्हणजे ऑप्टिक) असतो आणि बाजूला लेझरही असतो. बहुतेकांची समजूत एकच असते: लेझरचा ठिपका जिथे पडला तिथेच गोळी जाणार. ही समजूत मनातून गेली की पुढचं सगळं सोपं आहे. ती राहिली, तर कितीही चांगली साइट आणा, कागदावरची भोकं विखुरलेलीच राहतात. लेझरला गोळीबद्दल काहीही ठाऊक नसतं. त्याच्या नळकांड्याचं तोंड कुठे आहे तेवढं तो दाखवतो. ते तोंड गोळीच्या वाटेशी जुळवायचं काम आपलं.

सुरुवात करण्यापूर्वी एक सवय लावून घ्या. साइट बसवताना, स्क्रू फिरवताना, लेझर चालू करून बघताना रायफल रिकामी असलीच पाहिजे. मॅगझिन बाहेर, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि शक्य असेल तिथे बोटानेही चाचपा. काडतुसं त्या टेबलावरही नकोत. लेझरमुळे एक वेगळा मोह होतो: ठिपका भिंतीवर, दारावर, समोरच्या माणसाच्या छातीवर फिरवून बघावासा वाटतो. जिथे लेझर रोखलाय तिथे नळीही रोखलेली आहे, हे विसरू नका. आरसा, काच, चकचकीत पत्रा यांवरून किरण परत फिरतो आणि डोळ्यात जातो. विमान आणि वाहनांच्या दिशेने लेझर रोखणं अनेक देशांत गुन्हा आहे. शिकारीत लेझर चालतो की नाही, बंदुकीवर लावायला परवानगी आहे की नाही, याचे नियम जागोजागी वेगळे आहेत. विकत घेण्याआधी आपल्याकडचा नियम वाचा. स्पर्धेचं म्हणाल तर आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) रायफल आणि पिस्तूल प्रकारांत दुर्बीण किंवा इलेक्ट्रॉनिक साइट चालत नाही. तुमचं ध्येय तेच असेल तर हा खर्च करू नका.

तीन रेषा

पहिली रेषा नळीची. नळीच्या पोकळीतून सरळ पुढे ओढलेली, मनातली. गोळी या रेषेवरून निघते पण तिच्यावर टिकत नाही. नळीचं तोंड सोडल्या क्षणापासून ती खाली यायला लागते. .२२ एलआरचं (सरावाच्या लहान रायफलीचं) साधं काडतूस घ्या. सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने निघालेली त्याची गोळी ५० मीटर गाठायला साधारण ०.१५ सेकंद घेते, आणि तेवढ्या वेळात नळीच्या रेषेपासून १२ सें.मी.च्या आसपास खाली उतरते. २५ मीटरवर हा उतार ३ सें.मी.च्या जवळपास असतो. अंतर दुप्पट झालं की उतार चौपट.

दुसरी रेषा नजरेची. ऑप्टिक नळीच्या वर बसते. समजा ४ सें.मी. वर. गोळीने नजरेच्या रेषेला येऊन भेटावं म्हणून नळीचं तोंड त्या रेषेच्या मानाने किंचित वर ठेवलेलं असतं. झिरो करणं म्हणजे हाच कोन बसवणं. वरच्याच काडतुसाने ५० मीटरला झिरो केलं तर १० मीटरवर गोळी ठिपक्याच्या सव्वा सें.मी. खाली लागेल, २५ मीटरवर सुमारे १ सें.मी. वर लागेल, ५० मीटरवर बरोबर ठिपक्यावर, आणि १०० मीटरवर वीतभर खाली. म्हणजे गोळी खालून येते, नजरेची रेषा ओलांडून वर जाते आणि झिरोच्या अंतरावर पुन्हा तिला छेदून खाली उतरते. हे एकदा कागदावर पेन्सिलीने काढून बघा. पाच मिनिटं लागतात, आणि पुढचे कितीतरी घोटाळे टळतात.

तिसरी रेषा लेझरची. ती पूर्ण सरळ. लेझर जर ऑप्टिकच्या ३ सें.मी. उजवीकडे बसवलेला असेल, तर तो किरणही ३ सें.मी. उजवीकडूनच निघतो. नजरेच्या रेषेला तो फार तर एका ठिकाणी भेटेल. पुढे जाऊन पलीकडे निघून जाईल. किंवा कुठेच भेटणार नाही, शेजारून समांतर चालत राहील. यातलं काय निवडायचं ते लेझर जुळवताना ठरवू.

निवडताना

दुकानात किंवा जालावर साइट बघताना लोक आधी बटणं मोजतात, रंग बघतात, किती प्रकारचे रेटिकल (काचेतल्या नेमाच्या खुणा) आहेत ते विचारतात. मी आधी एकच प्रश्न विचारतो: लेझरची जुळवणी ऑप्टिकपासून वेगळी करता येते का? जोडसाइटचे दोन प्रकार असतात. एकात ऑप्टिकचे दोन स्क्रू वेगळे आणि लेझरचे दोन वेगळे असतात. दुसऱ्यात लेझर आणि ऑप्टिक कारखान्यातच एकमेकांशी जुळवून बांधलेले असतात. एक हलवलं की दुसरंही हलतं. दुसरा प्रकार सोयीचा वाटतो, आणि उत्तम दर्जाच्या साइटमध्ये तो खरंच सोयीचा आहे. पण हलक्या मालात ती कारखान्यातली जुळवणीच कच्ची असते आणि ती सुधारायला आपल्या हातात काही उरत नाही. नव्या माणसाने चारही स्क्रू वेगळे असलेली साइट घ्यावी. थोडं काम जास्त, पण चूक दुरुस्त करता येते.

मग ऑप्टिक कोणत्या जातीची ते बघा. सर्वांत जास्त दिसतो तो रेड डॉट. ही कल्पना बरीच जुनी आहे. आयरिश दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये अशा परावर्तक साइटचं पेटंट घेतलं होतं, आणि विजेवर चालणारा रेड डॉट स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये बाजारात आणला. आतल्या बारीक एलईडीचा प्रकाश एका वक्र, अर्धपारदर्शक काचेवर आपटून समांतर होऊन डोळ्यात येतो. त्यामुळे ठिपका काचेवर चिकटलेला न वाटता दूर लक्ष्यावरच तरंगतोय असा भासतो. डोळा काचेपासून किती अंतरावर ठेवायचा याचं बंधन नाही, दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. लक्ष्य मात्र मोठं दिसत नाही. मोठं दिसायला हवं असेल तर लेझर जोडलेला स्कोप घ्यावा लागतो, आणि तिथे डोळा साधारण ८ ते १० सें.मी.च्या ठरलेल्या अंतरावर नसेल तर कडेने काळी सावली येते. २५ आणि ५० मीटरवर सराव करायचा असेल तर रेड डॉट पुरेसा आहे, असं माझं मत.

ज्यांच्या डोळ्यांना अ‍ॅस्टिग्मॅटिझम (डोळ्याच्या वक्रतेतला दोष) आहे त्यांना रेड डॉटचा ठिपका गोल दिसत नाही. कधी तो स्वल्पविरामासारखा दिसतो, कधी द्राक्षाच्या घडासारखा, कधी त्याला शेपूट फुटतं. अनेकजण साइट खराब आहे म्हणून परत करतात. तसं करण्याआधी मोबाइलचा कॅमेरा काचेमागे धरून फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आला तर साइट ठीक आहे, चष्म्याचा नंबर तपासायला हवा. अशा डोळ्यांना प्रिझम साइट बरी पडते, कारण तिच्यात खूण काचेवर कोरलेली असते आणि बॅटरी संपली तरी दिसते.

ठिपक्याचा आकार एमओए या मापात लिहिलेला असतो. एमओए म्हणजे मिनिट ऑफ अँगल, एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो २.९ सें.मी. भरतो, ५० वर सुमारे १.४५ सें.मी., २५ वर ०.७३ सें.मी. हे आकडे पाठच करा, पुढे स्क्रू फिरवताना लागणार आहेत. ६ एमओएचा ठिपका २५ मीटरवर सुमारे ४.४ सें.मी.चा भाग झाकून टाकतो. झटपट नेम धरायला तो छान, पण कागदाच्या मध्यावर बारीक काम करायला आड येतो. २ किंवा ३ एमओएचा घ्या. काही साइटवर मापं मिल (मिलिरेडियन) या कोनाच्या दुसऱ्या मापात असतात; ०.१ मिल म्हणजे १०० मीटरवर १ सें.मी.

लेझरचा रंग हा नुसता आवडीचा विषय नाही. माणसाचा डोळा उजेडात ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि तो रंग हिरव्याकडचा आहे. लाल लेझर बहुधा ६३५ ते ६५० चे असतात. शक्ती सारखीच असली तरी ६३५ चा किरण डोळ्याला ६५० च्या दुप्पट उजळ वाटतो, आणि ५२० चा हिरवा तर सहापटीहून जास्त. भर उन्हात लाल ठिपका पंधरावीस पावलांपलीकडे शोधावा लागतो. हिरवा बराच पुढपर्यंत दिसतो. पण हिरव्यातही दोन जाती आहेत. ५३२ नॅनोमीटरचे जुन्या पद्धतीचे लेझर आधी अवरक्त किरण तयार करतात आणि स्फटिकातून त्याचा हिरवा करतात. थंडीत ते मंदावतात, बॅटरीही जास्त खातात. ५१५ ते ५२० चे लेझर डायोडमधूनच थेट हिरवे निघतात. हिरवा घ्यायचा तर हाच बघा. बंदिस्त रेंजवर सराव असेल तर लालही चालतो, आणि त्याची बॅटरी जास्त टिकते.

खोक्यावरचा लेझरचा वर्ग वाचा. वर्ग २ म्हणजे १ मिलीवॉटपर्यंत. चुकून डोळ्यात गेला तरी पापणी पाव सेकंदात मिटते आणि बहुधा निभावतं. वर्ग ३आर म्हणजे दृश्य प्रकाशात ५ मिलीवॉटपर्यंत. बंदुकीवरचे बरेच लेझर याच वर्गात येतात. त्याहून जास्त शक्तीचा, किंवा खोक्यावर वर्गच छापलेला नाही असा लेझर घेऊ नका. अवरक्त लेझर नवशिक्याने टाळावाच, कारण तो दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही.

बसवायची पट्टी कोणती आहे ते आपल्या रायफलीवर मोजून घ्या. पिकॅटिनी पट्टीच्या खोबणी ५.२३ मि.मी. रुंद असतात आणि एकीच्या मध्यापासून दुसरीचा मध्य १०.०१ मि.मी.वर असतो. वीव्हरच्या खोबणी अरुंद असतात, आणि त्यांच्यातलं अंतर ठरलेलं नसतं. एअर रायफल आणि कित्येक .२२ वर ११ मि.मी.ची डव्हटेल (तिरक्या कडांची खाच) असते. पिकॅटिनीसाठी बनलेला माउंट वीव्हरवर रेटून बसवू नका. आणखी एक गोष्ट, जी विक्रेते क्वचित सांगतात: स्प्रिंगवर चालणाऱ्या एअर रायफलीचा धक्का दुहेरी असतो. आधी मागे, मग पिस्टन पुढे आदळल्यावर पुढे. मोठ्या रायफलीवर वर्षानुवर्षं टिकलेली दुर्बीणही या पुढच्या धक्क्याने आतून सैल होते. साइटवर स्प्रिंग एअर रायफलसाठी योग्य असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या.

बॅटरीबद्दल एवढंच: रेड डॉट हजारो तास चालतो, लेझर काही तासांत बॅटरी संपवतो. दोघांची एकच बॅटरी असेल तर लेझर चालू राहून ऑप्टिकही अंधारात जाते. वेगळ्या बॅटऱ्या असतील तर उत्तम.

बसवणं

पट्टी आणि माउंट दोन्ही कोरड्या फडक्याने पुसा. खोबणीत तेल नको. साइट पट्टीवर ठेवा, पुढच्या दिशेने ढकलून खोबणीच्या भिंतीला टेकवा आणि मगच स्क्रू आवळा. धक्का बसला की रायफल मागे जाते आणि साइट जागच्या जागी राहू पाहते, म्हणून तिला आधीच पुढच्या भिंतीला टेकवून ठेवायचं. स्क्रू एकदम पूर्ण आवळू नका. थोडा हा, थोडा तो, असं आळीपाळीने. किती आवळायचं याचा आकडा साइटच्या पत्रकात असतो, आणि तेवढ्यासाठी टॉर्क पाना असलेला बरा. नुसत्या ॲलन कीने आवळताना हात नेहमी जास्त जोर लावतो आणि ॲल्युमिनियमचे आटे खराब होतात. आटे पक्के धरणारं द्रव लावायचं तर निळं, मध्यम ताकदीचं. लाल लावलं तर उद्या तापवल्याशिवाय निघणार नाही.

सगळं आवळून झालं की स्क्रूच्या डोक्यापासून माउंटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढा. या रेघेने मला एक धडा दिला आहे. माझ्या पहिल्या जोडसाइटवर अशी रेघ नव्हती. पाच गोळ्या झाडल्या, ग्रुप (भोकांचा पुंजका) खाली उजवीकडे, साइटच्या स्क्रूचे क्लिक (एकेक टप्पा) फिरवले. पुढच्या पाच आणखी उजवीकडे. पुन्हा क्लिक. तिसऱ्या वेळी ग्रुप डावीकडे उडी मारून गेला. सकाळभर मी स्वतःचा श्वास, चाप, खांदा सगळं तपासत बसलो. शेवटी एका जुन्या नेमबाजाने माझ्या साइटवर अंगठा ठेवून हलकेच दाबलं, आणि माउंटच्या कडेखालून केसाएवढी फट उघडली आणि मिटली. स्क्रू अर्धा आटा सुटला होता. त्या दिवसापासून रायफल हातात घेतली की माझी नजर आधी पांढऱ्या रेघेवर जाते: ती सलग आहे की तुटलेली.

ऑप्टिक आधी, गोळीने

आता महत्त्वाचा क्रम. आधी ऑप्टिक गोळीने झिरो करायची. मग लेझर ऑप्टिकवरून लावायचा. दोन्ही एकदम जुळवायला गेलात तर कोण चुकतंय तेच कळत नाही. म्हणून या टप्प्यात लेझर बंद ठेवा.

पहिल्या गोळीच्या आधी नळीतून बघून ढोबळ जुळवणी करून घ्या. बोल्ट ॲक्शन रायफल असेल तर बोल्ट काढा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की ठेवा आणि मागून नळीतून बघा. २५ मीटरवरचा काळा गोल नळीच्या गोल भोकाच्या बरोबर मध्ये येईपर्यंत पिशव्या सरकवा. मग रायफलीला धक्का न लावता ऑप्टिकचे स्क्रू फिरवून ठिपका त्याच गोलावर आणा. ज्या रायफलीत मागून दिसत नाही तिथे नळीत घालायचा लेझर बोअरसायटर वापरतात. तो वापरलात तर झाडण्यापूर्वी बाहेर काढला आहे हे स्वतः मोठ्याने म्हणा आणि नळी पुन्हा बघा. नळीत अडकलेल्या वस्तूवर गोळी गेली तर नळी फाटते, हातही जातो.

अंतर २५ मीटरने सुरू करा, ५० वर झिरो करायचं असलं तरी. मोठा कागद लावा, म्हणजे पहिल्या गोळ्या भरकटल्या तरी कुठे गेल्या ते कळेल. रायफल पुढून पिशवीवर, दस्त्याखाली छोटी पिशवी. नळी कशालाही टेकता कामा नये. काचेतून बघा. ठिपका कागदावर स्थिर नसतो. नीट पाहिलंत तर तो तुमच्या नाडीबरोबर हलकेच वर-खाली होताना दिसतो. श्वास सोडून थांबलात की तो शांत होत जातो आणि काळ्या गोलावर क्षणभर बसतो. त्या क्षणाला धरायला धावू नका. चाप हळूहळू दाबत राहा. गोळी कधी सुटली ते कळलं नाही तर चाप चांगला ओढला गेला.

पाच गोळ्या एकाच ठिकाणी नेम धरून झाडा. मधे कुठेही स्क्रूला हात लावू नका, पहिली गोळी कितीही दूर गेली तरी. एकटी गोळी काही सांगत नाही, कारण तिच्यात तुमची चूक किती आणि साइटची किती हे वेगळं करता येत नाही. पाच भोकांमध्ये जो मध्य निघतो तो साइटचा. एखादी गोळी सुटतानाच चुकली असं जाणवलं असेल तर ती मोजू नका, पण हे कागद बघण्याआधी ठरवा.

मग रेंज थांबल्यावर, सगळ्यांच्या रायफली उघड्या असताना, कागदापर्यंत जा आणि पट्टीने मोजा. समजा मध्य ५ सें.मी. खाली आणि ३ सें.मी. डावीकडे निघाला. २५ मीटरवर १ एमओए म्हणजे ०.७३ सें.मी. तुमच्या साइटचा एक क्लिक १ एमओएचा असेल तर ७ क्लिक वर, ४ क्लिक उजवीकडे. अर्ध्या एमओएचा असेल तर १४ आणि ८. क्लिक मोजताना बोटाला जाणवलेला आणि कानाला ऐकू आलेला, असे दोन्ही मोजा. स्वस्त साइटमध्ये काही क्लिक मुके असतात.

दिशेचा घोटाळा सगळ्यांचाच होतो. ऑप्टिकच्या टोपीखालचा बाण बहुतेक साइटवर गोळीबद्दल बोलत असतो: वरचा बाण म्हणजे गोळी वर जाईल. काचेत मात्र ठिपका उलट, खाली सरकतो. तरीही पत्रकात खात्री करा, आणि पहिल्यांदा दोनच क्लिक फिरवून काचेत काय होतं ते बघा.

पुन्हा पाच गोळ्या. मध्य जवळ आला की कागद ५० मीटरवर न्या आणि तिथे शेवटची जुळवणी करा. तिथे १ एमओए म्हणजे १.४५ सें.मी., हिशेब नव्याने. नळी गरम झाली असेल तर थांबा, थंड होऊ द्या. पातळ नळी तापली की ग्रुप सरकतो. ज्या काडतुसाने झिरो केलं तेच पुढेही वापरणार असाल तरच हे झिरो खरं. दुसरी कंपनी, दुसरं वजन, अगदी त्याच खोक्यावरचा दुसरा लॉट, की पुन्हा कागद बघावा लागतो.

आता लेझर

ऑप्टिक पक्की झाली की रायफल रिकामी करून पिशव्यांवर ठेवा, लेझर चालू करा. संध्याकाळ किंवा सावलीची वेळ निवडा, म्हणजे ठिपका स्पष्ट दिसेल. कागदावर एक काळा बिंदू काढा आणि ऑप्टिकचा ठिपका त्यावर बसवा. त्याच वेळी लेझरचा ठिपका कुठे पडला ते त्याच काचेतून दिसेल. आता लेझरचे स्क्रू फिरवून त्याला हवं तिथे न्यायचं. इथे तुम्ही ठिपकाच थेट हलवत आहात, म्हणून बाणाच्या उलट्या हिशेबाचा प्रश्न नाही. बघा आणि फिरवा. लेझरचे स्क्रू फार बारीक असतात, बरेचदा क्लिकही नसतात, आणि आत ठिपक्याला मागून ढकलणारी स्प्रिंग असते. एका बाजूला सैल करत नेलं तर शेवटी थोडं पुढे नेऊन पुन्हा आवळत आणा, म्हणजे स्प्रिंग ताणून बसते आणि ठिपका पहिल्याच धक्क्याला घसरत नाही.

आता प्रश्न तो "हवं तिथे" म्हणजे कुठे. दोन मार्ग आहेत.

एक, ठरलेल्या अंतरावर दोन्ही ठिपके एकावर एक आणायचे. समजा २५ मीटर. लेझर ३ सें.मी. उजवीकडे बसलेला आहे. २५ वर दोन्ही जुळले, की १० मीटरवर लेझर १.८ सें.मी. उजवीकडे दिसेल, ५० मीटरवर ३ सें.मी. डावीकडे, आणि १०० मीटरवर तब्बल ९ सें.मी. डावीकडे. एकाच अंतरावर सराव करणाऱ्याला हा मार्ग उत्तम. अंतर बदलणाऱ्याला फसवा.

दुसरा, लेझर नजरेच्या रेषेला समांतर लावायचा. म्हणजे जिथे जिथे बघाल तिथे लेझर ठिपक्याच्या ३ सें.मी. उजवीकडेच. हे दिसायला चुकीचं वाटतं, कारण दोन ठिपके कधीच एकत्र येत नाहीत, पण चूक सगळीकडे तेवढीच राहते आणि ती लक्षात ठेवता येते. लावायची पद्धत सोपी: कागदावर काळ्या बिंदूच्या उजवीकडे बरोबर ३ सें.मी.वर दुसरा बिंदू काढा, ऑप्टिक पहिल्यावर, लेझर दुसऱ्यावर. कागद १० मीटरवर, मग ५० मीटरवर न्या. दोन्हीकडे जुळलं तर समांतर आहे. हे अंतर लेझरच्या भोकाच्या मध्यापासून ऑप्टिकच्या मध्यापर्यंत स्वतः पट्टीने मोजा. पत्रकातला आकडा नेहमीच नेमका नसतो.

माझा सल्ला समांतरचा. उंचीच्या बाबतीतही तेच: लेझर ऑप्टिकपेक्षा खाली बसलेला असेल तर तेवढंच खाली ठेवा. गोळीचा उतार मात्र दोन्ही मार्गांत तसाच उरतो, कारण तो लेझरचा दोष नाही. १०० मीटरवर ती वीतभर खालीच जाणार.

झालं की लेझरने नेम धरून पाच गोळ्या झाडा, ऑप्टिककडे न बघता. भोकांचा मध्य लेझरच्या ठिपक्यापासून ३ सें.मी. डावीकडे आला, तर तिन्ही रेषा जागेवर आहेत.

पुढची तपासणी

साइटच्या दर्जाची खरी परीक्षा आता घ्या. झिरो झालेल्या ठिकाणी पाच गोळ्या. मग २० क्लिक वर, पाच गोळ्या. २० उजवीकडे, पाच. २० खाली, पाच. २० डावीकडे, पुन्हा पाच. नेम सगळ्या वेळी एकाच बिंदूवर. कागदावर चौकोनाचे चार कोपरे उमटले पाहिजेत आणि शेवटचे पाच पहिल्या पाचांवर परतले पाहिजेत. चौकोन वाकडा झाला तर क्लिक खोटे आहेत. ग्रुप परतलाच नाही तर ती साइट बदलून घ्या; असली साइट कितीही वेळा झिरो केली तरी पुन्हा हलते.

पॅरलॅक्सही, म्हणजे डोळा हलला की ठिपका सरकल्यासारखा दिसणं, बघून ठेवा. रायफल पिशव्यांवर तशीच ठेवून, हात न लावता, डोळा डावीकडे-उजवीकडे हलवा. ठिपका लक्ष्यावरून सरकत असेल तर नेम धरताना तो नेहमी काचेच्या मध्यावरच ठेवायची सवय लावा.

माउंट काढता-लावता येणारा असेल तर एकदा काढून पुन्हा त्याच खोबणीत बसवा आणि पाच गोळ्या झाडा. किती सरकला ते वहीत लिहा. त्याच पानावर तारीख, काडतूस, ऑप्टिक किती अंतरावर झिरो केली, लेझर समांतर की जुळवलेला, आणि बॅटरी कधी घातली तेही. पुढच्या वेळी ग्रुप हलला, तर स्क्रूला हात लावण्याआधी हे पान उघडा आणि पांढरी रेघ बघा.